जुनी ओम्नी घरच्या खळ्यात, ब्रश-रोलरने रंगवताना

आमची ओम्नी २००५ ची आहे. मागची सीट काढून फळ्यांचा पलंग केला, खिडक्यांना पडदे लावले, एक शेगडी आणि पाण्याचा कॅन ठेवला, एवढाच तिचा कॅम्पर. पण याच गाडीतून आम्ही हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा मुक्काम करत करत पाहिला. चिपळूणजवळ राहायचं म्हणजे वर्षाचे चार महिने गाडी धो धो पावसात आणि उरलेले दिवस दमट हवेत, त्यात आमच्या फेऱ्या समुद्राकडे. मागच्या पावसाळ्यानंतर टपाच्या कडेने तांबडे ओघळ उतरायला लागले आणि रंगाचं काम पुढे ढकलता येईना. ते काम मी घरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, स्प्रेगनशिवाय, ब्रश आणि रोलरने केलं. ज्यांच्याकडे अशी जुनी गाडी आहे आणि हाताने काम करायची आवड आहे, त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहितो आहे.

मारुतीची ही व्हॅन १९८४ साली आली, १९८८ मध्ये तिला ओम्नी हे नाव मिळालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. त्यामुळे गावोगावी अजून भरपूर ओम्न्या आहेत. मॅटाडोर, ट्रॅक्स, व्हर्सा यांनाही हीच पद्धत चालते, फक्त रंग किती लागतो ते बदलेल.

हाताने रंगवलेली गाडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ब्रशचे फराटे येतात. पण मोटारी सुरुवातीची कित्येक वर्षं हातानेच रंगवल्या जात. १९२३-२४ च्या सुमारास ड्यूपाँटचा ‘ड्यूको’ हा झटपट वाळणारा लॅकर बाजारात आला आणि त्यानंतर फवारणी रूढ झाली. आपल्याकडे ट्रकच्या बॉड्या अजून ब्रशने रंगतात, आणि नारळी पौर्णिमेआधी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांना कोळी मंडळी हातानेच रंग देतात. होड्या रंगवणाऱ्या दाभोळच्या एका मामांनी मला रोलर धरायला शिकवलं. “दाबू नको रे, त्याच्या वजनाने फिरू दे त्याला,” हे त्यांनी मला दिवसभरात दहा वेळा सांगितलं असेल.

आधी आरटीओचं

आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. आहे तोच रंग पुन्हा देणार असाल तर प्रश्न नाही. रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओत अर्ज करा आणि नवा रंग आरसीवर चढवून घ्या. विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी फोटोतली गाडी आणि कागदावरची गाडी जुळत नाही. कॅम्पर म्हटलं की अनेकांना मिलिटरी हिरवा खुणावतो. तो देऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२१ वा नियम ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवतो. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर गंजाचं काम त्याआधी उरका, म्हणजे तपासणीला गाडी धड अवस्थेत जाईल.

कोणता रंग घ्यायचा

इथे माझं मत पक्कं आहे: पहिल्यांदा करणाऱ्याने चांगल्या कंपनीचा सिंथेटिक इनॅमल घ्यावा, लोखंडी गेट आणि ग्रिलला देतात तोच.

टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचा दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग, जास्त कडक होतो आणि उन्हात जास्त वर्षं टिकतो, हे खरं. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासातून गेलं की दम्यासारखा त्रास जडू शकतो आणि एकदा जडला की जात नाही. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं असताना खळ्यात असलं काही उघडायचं नाही, असं मी ठरवलं. दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं. कॅम्पर गाडी कच्च्या रस्त्याने जाणार, करवंदीच्या जाळ्यांना घासणार, माळावर उभी राहणार. तिला ओरखडे पडणारच. इनॅमलवरचा ओरखडा तुम्ही स्वतः, कुठेही, एका छोट्या ब्रशने बुजवू शकता. दोन-तीन वर्षांत त्याची चमक थोडी उतरते, तेव्हा पॉलिश पेपर मारून वरून रंगाचा एक हात दिला की गाडी पुन्हा उजळते. ज्या रंगाची डागडुजी आपल्याच हातात राहते, तो अशा गाडीला योग्य.

छटा निवडताना एवढं लक्षात ठेवा की गडद आणि चकचकीत रंगात पत्र्याची प्रत्येक लाट दिसते, फिकट रंग ती पोटात घालतो. टप पांढरट ठेवला तर गाडी आत कमी तापते. शुभ्र पांढरा इनॅमल मात्र सावलीत राहून पिवळा पडतो, म्हणून मी मलईसारखा पांढरा घेतला. खिडक्यांच्या खाली बाजूच्या पत्र्याला जी आडवी घडी आहे, तिच्या वर मलई आणि खाली निळा. दोन रंग केल्याचा एक फायदा आधी माझ्या ध्यानात आला नव्हता: एका वेळी रंगवायचा पट्टा अरुंद होतो आणि पुढचा पट्टा लागेपर्यंत आधीच्याची कड ओली ठेवणं सोपं जातं.

ओम्नीचा बाहेरचा पत्रा साधारण ११-१२ चौरस मीटर भरतो. एक लिटर इनॅमल एका हाताला जवळपास तेवढंच क्षेत्र झाकतं. चार हातांसाठी मिळून चार लिटर घ्या. एकाच छटेचे दोन डबे असतील तर बॅच नंबर सारखा पाहा आणि सुरुवातीलाच दोन्ही एका बादलीत एकत्र ढवळा. शिवाय लागेल: एक लिटर इपॉक्सी प्रायमर त्याच्या हार्डनरसह आणि त्याचंच थिनर, एक किलो पॉलिस्टर लांबी (पोचे बुजवायची पुट्टी), मिनरल टर्पेंटाइन दोन लिटर, ८० पासून १००० नंबरपर्यंतचे पेपर, चांगल्यातली मास्किंग टेप, चार इंची बारीक फोमचे रोलर सात-आठ, आणि अडीच इंची मऊ केसांचे दोन ब्रश. ब्रशवर पैसे वाचवू नका. स्वस्त ब्रशचा केस रंगात अडकला की तो काढायला गेलं तरी वण पडतो आणि ठेवला तरी दिसतो.

दिवस कोणते, जागा कोणती

कोकणात आणि घाटावरही नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात हे काम काढूच नका. एप्रिल-मेमध्ये पत्रा इतका तापतो की रंग पसरायच्या आत ओढायला लागतो. तळहात पत्र्यावर आरामात ठेवता आला नाही तर रंग लावायचा नाही, ही सोपी परीक्षा.

थंडीतली अडचण दवाची. मी एकदा दुपारी चार वाजता डाव्या बाजूचा तिसरा हात सुरू केला आणि साडेपाचला संपवला. सकाळी पाहिलं तर अख्खी बाजू आरशावर फुंकर मारल्यासारखी धुरकट झाली होती. रंग अंगचा वाळण्याआधी दव बसलं की चमक जाते आणि कितीही पुसलं तरी परत येत नाही. दोन दिवस थांबून ४०० चा पेपर मारून तो हात पुन्हा दिला. तेव्हापासून सकाळी नऊ ते दुपारी एक एवढीच रंगाची वेळ. सकाळीही पत्रा कोरडा झाल्याशिवाय डबा उघडला नाही.

गाडीवर मांडव घाला. मी बांबू रोवून वर ताडपत्री आणि बाजूंना शेडनेट लावलं होतं. वारा खेळता राहतो आणि पाचोळा आत येत नाही. आंब्या-फणसाखाली गाडी उभी करू नका, वरून चीक पडतो. आणि रंगाच्या आधी अर्धा तास खळ्यात सडा घाला, नुसत्या पाण्याचा. धूळ बसते. संध्याकाळी मांडवात दिवा लावू नका, ओल्या रंगावर पाखरं येऊन चिकटतात.

धुवून घेणं आणि सुटे भाग काढणं

बंपर, दिवे, आरसे, वायपर, दारांच्या मुठी, नंबरप्लेट, नावाची अक्षरं, सगळं काढा. प्रत्येकाचे स्क्रू वेगळ्या डबीत, डबीवर चिठ्ठी. प्लॅस्टिकचे बंपर रंगवायच्या भरीस पडू नका. त्यांना प्लॅस्टिकचा वेगळा प्रायमर लागतो आणि इनॅमल तिथे तडकतो.

धुताना आधी भरपूर साधं पाणी. पत्र्यावर बसलेलं मीठ रंगाखाली राहिलं तर ते ओल ओढतं आणि वर फोड येतात. मग भांड्यांच्या साबणाने, मग पुन्हा पाण्याने. वाळल्यावर टर्पेंटाइनने पुसा. एका फडक्याने लावायचं, दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच टिपायचं, आणि फडकी सारखी बदलायची. एकाच फडक्याने फिरत राहिलात तर तेल इकडचं तिकडे होतं. रॉकेल वापरू नका, ते मागे तेलकट थर ठेवतं. टायर आणि डॅशबोर्ड चमकवायची जी पॉलिशं मिळतात त्यात सिलिकॉन असतं. त्याचा थेंब राहिला तरी रंग तिथून गोल पळतो आणि मधोमध खळगा पडतो. पेंटर त्याला फिश आय म्हणतात. म्हणून पेपर मारायच्या आधी हे पुसणं झालंच पाहिजे, नाहीतर पेपरच ते तेल ओरखड्यांत भरतो.

जुन्या रंगाची जात ओळखायला एनसी थिनरमध्ये (लॅकरचं जहाल थिनर) भिजवलेला पांढरा कापूस एखाद्या लपलेल्या जागी अर्धा मिनिट दाबून धरा. रंग विरघळून कापसाला आला तर वर लॅकर आहे. सुरकुत्या पडल्या तर कोणीतरी आधी इनॅमल दिलेला आहे. काहीच झालं नाही तर कंपनीचा भट्टीतला रंग किंवा टू-के आहे, आणि तो पाया उत्तम. असा धड रंग पूर्ण उतरवायची गरज नाही, ३२० च्या पेपरने त्याची चमक मारली की पुरे. तो पत्र्याला धरून आहे का तेही पाहा: ब्लेडने बारीक चौकटी आखा, वर टेप घट्ट चिकटवा आणि झटक्याने ओढा. टेपला चौकटी चिकटून आल्या तर तेवढा भाग पत्र्यापर्यंत खरवडा.

जुना रंग घासताना ओलाच घासा आणि मास्क लावा. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे दर दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधी कोणी गाडीवर कुठला डबा फासला होता हे आपल्याला ठाऊक नसतं. पेपरचं गढूळ पाणी परसबागेत सोडू नका.

गंज

या कामाचा जीव इथे आहे, म्हणून इथे मी पाच दिवस घालवले.

ओम्नीचा गंज ठरलेल्या जागी भेटतो. टपाच्या दोन्ही बाजूंची पन्हळ, जिच्यात पावसाचं पाणी आणि पाला साचतो. पुढच्या काचेच्या रबराचे खालचे दोन कोपरे. चाकांवरच्या कमानींची आतली दुमड. सरकत्या दारांची खालची कड आणि ज्या रुळावर ती सरकतात त्याचा तळ. मागच्या दाराची खालची शिवण. आणि आतल्या मॅटखालची जमीन, जी बहुतेक लोक उचलून बघतच नाहीत. मॅट काढा.

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकत चला. घट्ट पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, सडलेला बद्द वाजतो. जिथे बद्द वाजेल तिथे टोकाने टोचून पाहा.

वरवरचा तांबूसपणा ८० च्या पेपरने जातो. खड्डे पडलेला गंज चिवट असतो. तारेच्या ब्रशने वरचे पापुद्रे काढल्यावर तळाशी काळे ठिपके उरतात. तेही गंजच. त्यांवर फॉस्फोरिक आम्ल असलेलं रस्ट रिमूव्हर ब्रशने लावा, डब्यावर सांगितलेला वेळ ओलं ठेवा, तारेच्या ब्रशने घासा आणि पुन्हा लावा. माझ्या पन्हळीत हे तीनदा करावं लागलं तेव्हा ठिपके गेले आणि पत्रा राखाडी दिसू लागला. नंतर भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडं करा, कारण आम्लाचा अंश उरला तर इपॉक्सी नीट पक्का होत नाही. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे करा.

भोक पडलं असेल तर वेल्डरकडे जा. सडलेला तुकडा कापून नवा पत्रा जोडून घ्या. जाळी किंवा कागद कोंबून वरून लांबी थापली की ती एक पावसाळा दिसायला बरी दिसते आणि आत सडणं चालूच राहतं. ओम्नीला वेगळी चॅसी नाही, तिची बॉडीच सगळा भार घेते, तेव्हा दाराखालची उंबऱ्याची पट्टी सडली असेल तर तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर सोडा आणि जवळपासची मॅट, फोम, पडदे सगळं बाहेर काढा.

आमच्या हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवला की सकाळी त्यावर तांबडी झाक येते. म्हणून जेवढा भाग त्याच दिवशी प्रायमरखाली जाईल तेवढाच उघडा करा.

दारांच्या खालच्या कडेला पाणी बाहेर पडायची भोकं असतात. ती मातीने बुजलेली असतात. तारेने मोकळी करा आणि पुढे रंग किंवा लांबी त्यांत जाऊ देऊ नका. दार आतून सडतं ते या बुजलेल्या भोकांमुळे.

प्रायमर, लांबी, पुन्हा प्रायमर

हार्डवेअरच्या दुकानात रेड ऑक्साइड सहज मिळतं आणि स्वस्त असतं. गेटला ते ठीक. गाडीला मी इपॉक्सी प्रायमर घेतला, कारण तो ओल जास्त चांगली अडवतो आणि दुसरं म्हणजे त्यावर पॉलिस्टर लांबी बसते. रेड ऑक्साइडवर लांबी लावली तर तिच्यातला द्राव खालचं अस्तर उचलतो.

इपॉक्सीचे दोन भाग डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच, मोजून मिसळा. अंदाजाने नाही. मिसळल्यावर काही मिनिटं ठेवायला सांगितलं असेल तर ठेवा. उघड्या पत्र्यावर पहिला हात ब्रशने घासून घासून द्या, म्हणजे खड्ड्यांत उतरतो. मोकळ्या जागेवर रोलर चालेल. इथे वाफेसाठीचा काडतूसवाला मास्क हवा, नुसतं फडकं नाकाला बांधून भागत नाही.

पोचे डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळतात. तळहात आणि पत्रा यांच्यामध्ये पातळ सुती फडकं ठेवा आणि लांबच लांब हात फिरवा. संध्याकाळी टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाका, पोच्यांच्या सावल्या दिसतील. खडूने गोल करून ठेवा.

वाळलेल्या प्रायमरवर १८० चा पेपर मारून लांबी लावा. हार्डनर वजनाने सुमारे २ टक्के: लिंबाएवढ्या गोळ्याला हरभऱ्याएवढा. जास्त घातला तर लांबी लवकर आवळते आणि पुढे रंगावर डाग उमटू शकतो. थोडी थोडी कालवा, कारण १०-१५ मिनिटांत ती हाताबाहेर जाते. पातळ थर, दोन वेळा. जाड थर एकदम दिला तर आत हवा राहते. घासायचं कोरडंच. लांबी पाणी पिते, आणि ते पाणी पुढे रंगाखाली फोड बनून येतं.

घासण्याच्या ठोकळ्यासाठी जुन्या रबरी स्लीपरचा तुकडा कापून त्याला पेपर गुंडाळा. आपले पेंटर वर्षानुवर्षं हेच वापरतात, आणि विकतच्या ठोकळ्यापेक्षा तो पत्र्याच्या गोलाईला जास्त धरून चालतो. नुसत्या बोटांनी घासू नका, बोटांच्या रेघोट्या रंगानंतर उठून दिसतात.

लांबीच्या जागा सपाट झाल्या की सगळ्या गाडीला इपॉक्सीचा एक पातळ हात. तो वाळल्यावर ३२० चा वॉटर पेपर, पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून. आता गाडी एकसारखी फिकी दिसेल. इथे चार दिवस थांबलं तरी हरकत नाही, पण इपॉक्सी उन्हाने भुरभुरतो, तेव्हा महिनाभर तशीच गाडी फिरवू नका.

काचांची रबरं काढायची नसतील तर एक युक्ती: तीन-चार मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी रबराच्या ओठाखाली सरकवत न्या. ओठ वर उचलला जातो, रंग त्याच्या खालपर्यंत जातो आणि दोरी काढल्यावर कड झाकली जाते. टेपची सरळ रेघ दिसत नाही.

रंगाचे हात

रंग गाळल्याशिवाय वापरू नका. जुन्या नायलॉनच्या ओढणीचा तुकडा भांड्याला बांधून त्यातून गाळा. नव्या डब्यातही साका निघतो. १० टक्क्यांच्या आसपास टर्पेंटाइन घाला. नेमका अंदाज असा: काडीवरून रंग एकसंध धारेने उतरावा, गोळ्या-गोळ्यांनी पडू नये. थिनर घेताना दुकानात नाव वाचून घ्या. मला एकदा टर्पेंटाइन मागितल्यावर एनसी थिनरची बाटली मिळाली होती. वासावरून कळलं म्हणून वाचलो, नाहीतर खालच्या हातासकट रंगाला सुरकुत्या आल्या असत्या.

दोन माणसं असली तर काम निराळंच होतं. आमच्याकडे मी रोलर धरला आणि बायकोने ब्रश. टपापासून सुरू करा, मग बाजू, शेवटी मागचं दार. एका वेळी दीड-दोन फूट रुंदीचा उभा पट्टा घ्या. रोलर ट्रेवर नीट निथळवा. आधी उभा फिरवा, मग आडवा, रंग एकसारखा पातळ पसरेपर्यंत. लगेच मागून कोरड्या ब्रशचं नुसतं टोक, त्याच्या स्वतःच्या वजनाने, वरून खाली ओढत आणा, आणि फराटा नेहमी आधीच्या ओल्या पट्ट्याकडे संपवा. ब्रशने रंग लावायचा नसतो, रोलरने उठलेले बुडबुडे फक्त मोडायचे असतात. बारीक फस्स असा आवाज येतो आणि पृष्ठभाग डोळ्यांदेखत सपाट होत जातो. दहा-बारा सेकंद पाहत राहिलं की ब्रशच्या रेघाही रंगात बुडून जातात.

पट्टा पुढे गेला की मागे वळू नका. राहिलेला ठिपका दिसतो, हात शिवशिवतो, पण ओढायला लागलेल्या रंगावर ब्रश फिरवला की तिथे कायमचा खरबरीत डाग पडतो. राहिलेलं पुढच्या हातात झाकलं जातं. पॅनेल अर्धवट सोडू नका. थांबायचं तर दाराच्या फटीशी किंवा शिवणीशी थांबा.

पहिला हात पारदर्शक आणि डागाळ दिसेल. तो तसाच दिसायला हवा. झाकण्याच्या नादात जाड दिला तर वरून साय धरते, आतला रंग ओला राहतो आणि मग ओघळ आणि सुरकुत्या. दुसऱ्या दिवशी हाताला कडक लागला तर ४०० चा वॉटर पेपर हलका मारा, धुवा, वाळवा, टर्पेंटाइन लावलेल्या मलमलीने पुसा आणि दुसरा हात. पेपर मारताना रंगाची गोळी होऊन पेपरला चिकटत असेल तर तो अजून वाळलेला नाही, एक दिवस थांबा. आमचे मलईचे चार आणि निळ्याचे तीन हात झाले. शेवटच्या हाताआधी ६०० चा पेपर मारला आणि रंगात टर्पेंटाइन किंचित जास्त घातलं.

दोन रंगांच्या सीमेवर टेप लावण्याआधी आधी दिलेला रंग तीन-चार दिवस वाळू द्या. टेप नखाने दाबून बसवा आणि तिच्या कडेवर आधी त्याच रंगाचा अगदी पातळ हात फिरवा. टेपखाली काही झिरपायचंच असेल तर तोच रंग झिरपेल आणि दिसणार नाही. दुसऱ्या रंगाचा शेवटचा हात ओलसर असतानाच टेप स्वतःवर दुमडत, हळू ओढा.

ओघळ राहिला तर ओल्यात छेडू नका. आठवड्याने कडक झाल्यावर नव्या ब्लेडने अलगद तासा, ६०० ने सपाट करा. किडा बसला तरी तेच, वाळल्यावर काढा. संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग दिसला तर रंग जाड आहे किंवा पत्रा गरम, पुढच्या हाताला थोडं टर्पेंटाइन वाढवा आणि सकाळची वेळ धरा. रंगाची आणि टर्पेंटाइनची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापू शकतात. उघड्यावर पसरून वाळवा, मगच फेका.

नंतरचा महिना

इनॅमल एका दिवसात वाळल्यासारखा वाटतो, पण आतून पक्का व्हायला तीन-चार आठवडे घेतो. तोवर प्रेशरने धुऊ नका, वर दोऱ्या बांधून सामान लादू नका, पक्ष्यांची घाण दिसली की ओल्या फडक्याने लगेच उचला. दारांची रबरं पहिला आठवडा पावडर लावून बसवा, नाहीतर रबर रंगाला चिकटतं. चमक वाढवायची हौस असेल तर महिन्याने १५०० आणि २००० चा वॉटर पेपर आणि मग रबिंग कंपाउंड हाताने मारा. घड्या आणि कडा सोडून द्या, तिथे रंग पातळ असतो आणि लगेच खालचं अस्तर दिसतं. मी फक्त बाजूंना हे केलं. टपावर तेवढी मेहनत घ्यायचं कारण नाही.

उरलेला रंग मोठ्या डब्यात ठेवू नका, आतल्या हवेने वर साय येते. छोट्या काचेच्या बाटल्यांमध्ये काठोकाठ भरा आणि वर रंगाचं नाव, बॅच नंबर, तारीख लिहा. आमच्या ओम्नीत सीटखाली एक डबी कायम असते: मलईची बाटली, निळ्याची बाटली, चमचाभर टर्पेंटाइन, ६०० च्या पेपरचा तुकडा, बारीक ब्रश, मलमल.

आंजर्ल्याच्या वाटेवर मागच्या महिन्यात करवंदीच्या एका फांदीने डाव्या दारावर वीतभर ओरखडा काढला. पत्रा उघडा पडला नव्हता, म्हणून प्रायमरची गरज नव्हती. गाडी सावलीत घेतली, ओरखडा पुसला, पेपर हलका फिरवला आणि शेगडीवर चहा उकळेपर्यंत निळ्याचा एक हात देऊन झाला. दुपारपर्यंत तिथेच थांबलो. रंग बोटाला लागेनासा झाला तेव्हा गाडी पुढे काढली.